खड्ड्यातली जागा

माझगाव, कार्तिक, सन १९३३

अंबाजीदादा, धाकट्या धर्माचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

रेवसच्या बोटीने आलेल्या मोरूने तुझा निरोप दिला, "डोळं निवळलं का येतोच, खड्ड्यातली माजी जागा राखून ठेव."

दादा, आपला लाकूड कापायचा खड्डा मालकांनी बुजवला. दिवाळीआधी वखारीत यंत्राची करवत आली. जो सागाचा ओंडका कापायला आपल्याला अख्खा दिवस लागायचा, तो ती आपला चहा पिऊन होईस्तोवर फाडते. मला फळ्या रचायला ठेवलंय. आपली करवत मी खोलीत भिंतीला टांगली आहे.

पहिला दिवस आठवतो? तू थोरला म्हणून ओंडक्यावर उभा राहिलास आणि मी खाली खड्ड्यात. वरच्याने सुताची रेघ बघून करवत चालवायची, खालच्याने वर तोंड करून ओढायची, हीच रीत. तासाभरात मी डोळ्यांत भुसा गेला म्हणून डोळे चोळत ओरडलो. तू म्हणालास, "तू वर ये रं, मी जातो खाली." पुढे अकरा वर्षं भुसा तुझ्याच डोळ्यांत पडला.

दादा, त्या दिवशी माझ्या डोळ्यांत काहीच गेलं नव्हतं. खाली जीव कोंडत होता आणि वर खाडीचा वारा होता, एवढंच.

हे तुला सांगायलाच हवं. पण तुला पत्र वाचून दाखवते ती तुझी लेक, कोकिळा. तिच्या तोंडून हे कसं वदवू? म्हणून हा कागद करवतीमागे खोचतो आणि उद्या दुसरा लिहितो, की जागा राखली आहे, सावकाश ये.

तुझा, वर उभा राहिलेला,
धर्मा