धारची करडी सुमो

४ मे २००३, रविवार

गाडी घेणार. मीच बघणार, मीच घेणार, मीच चालवणार. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या घाबरले तर हे पान उघडता येईल.

काल डॉक्टरांनी अजेयला सांगितलं, वजन उचलायचं नाही. मणक्यातली गादी सरकली आहे. "पाण्याची बादलीसुद्धा नाही." अजेय उगाच हसला. बादलीचं काय! तो गेली बारा वर्षं किमयाला उचलतोय. घरातून रिक्षात, रिक्षातून शाळेत, बसमध्ये चढव, बसमधून उतरव. दीड वर्षाची होती तेव्हा पोलिओ झाला, आता अठराची आहे. नवऱ्याची पाठ गेली आणि मी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, दुखतं का म्हणून.

संध्याकाळी भाऊ आले. माझे मोठे दीर. राहतात पलीकडच्या गल्लीत, पण आमच्या घरातले निर्णय तेच घेतात. म्हणाले, "आता ते कॉलेजचं खूळ सोडा. प्रायव्हेट बी.ए. करील घरी बसून. काय कमी आहे तिला?" किमया समोरच बसली होती. तिच्यादेखत! तिला इंदूरला कॉम्प्युटर शिकायचं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.  तिने चाकांची खुर्ची वळवली आणि ती आत गेली.

मी म्हटलं, "जुनी सुमो घेते. सकाळी मी नेईन, दुपारी मी आणीन. फॅक्टरीत दुपारची पाळी मागून घेते."

"सुमो? अलका, ती ट्रक आहे ट्रक! ट्रकच्या चासीवर डबा बसवलाय नुसता!"

"ट्रकच हवी," मी म्हटलं.

७ मे

अजेयने हळूच विचारलं, मारुती व्हॅन का नको? बरोबर आहे त्याचं, व्हॅन बुटकी, चढायला सोपी. पण देवास-इंदूर रस्ता काय झालाय! खड्ड्यांमधून रस्ता शोधावा लागतो. गेल्या महिन्यात बस अशी आपटली की किमयाची जीभ दातांखाली आली. आणि तिची खुर्ची आमच्या फॅक्टरीतल्या वेल्डरने बनवलेली, लोखंडी, घडी होत नाही. सुमोचं मागचं दार सबंध उघडतं. मागच्या दोन्ही आडव्या सीट काढायच्या, सागाची फळी लावायची, खुर्चीसकट पोरगी आत!

नवी परवडणार नाही. सात-आठ वर्षं जुनी चालेल. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, सरळ पाहिजे, बाकी सगळं दुरुस्त होतं.

११ मे, रविवार

हाटपिपल्याला जाऊन आलो. भाऊंचे मित्र उदाजीराव यांची गाडी. पांढरीशुभ्र, चमचम, बाजूला लाल पट्टे. भाऊ तर तिथे पोचल्यावरच म्हणाले, "पक्की समजा."

मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! आम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलेलं. जुनं इंजिन थंड असतानाच खरं बोलतं, गरम झाल्यावर सगळीच सुरू होतात. मग मी पोतं मागितलं, जमिनीवर टाकलं आणि गाडीखाली शिरले.

"अगं, साडी!" भाऊ ओरडले. "बाईमाणूस गाडीखाली काय शिरतेस? लोक बघताहेत."

बघू देत. पुढच्या चाकांच्या मागे, दोन्ही बाजूंच्या चासीवर, पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं. वरून ताजा काळा रंग. कुठेतरी जबरदस्त आपटलेली गाडी, कापून जोडलेली. बावीस वर्षं फॅक्टरीत तपासणी खात्यात आहे मी, जोड दिसतो मला.

बाहेर येऊन सांगितलं. उदाजीराव हसले. "अरे वहिनी, वो तो पहिल्यापासूनच असतं. आपको क्या समझेगा, भिया से पूछो," भाऊंकडे बोट करून म्हणाले.

"आमच्याकडे असा तुकडा आला असता तर त्यावर लाल रंग मारून परत पाठवला असता," मी म्हटलं. "आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं असतं."

 देवास आल्यावर भाऊ म्हणाले, "माझी लाज काढलीस चारचौघांत."

 त्याचं उत्तर आता सुचतंय, त्या गाडीत माझी मुलगी बसली असती हो!

१३ मे

भाऊ दोन दिवस आले नाहीत. घरात शांतता. छान वाटतंय.

१९ मे

लायसन्स दोन वर्षांपासून कपाटात पडून आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर काढलेलं. ए.बी. रोडवरच्या गॅरेजवाल्या रशीद मिस्त्रींकडे त्यांच्या भावाची सुमो असते, रोज सकाळी ती अर्धा तास चालवते. "मैडम, ये गाड़ी ताकत माँगती है," ते म्हणाले. मागू दे. बावीस वर्षं गिअरबॉक्स उलटेपालटे करतेय.

तरी आज भर चौकात बंद पडली. मागे टेम्पो, बाजूला टेम्पो, सगळे हॉर्नवर बसलेले. एक जण खिडकीतून डोकं काढून ओरडला, "आंटी, घर जाओ, रोटी बनाओ!"  क्लच दाबला, चावी फिरवली, गाडी पुढे काढली, आणि मग त्याच्या टेम्पोच्या पुढे जाऊन मुद्दाम हळू चालवली. अर्धा किलोमीटर!

रोटी सकाळीच बनवून आले होते.

२५ मे, रविवार

धार. पेपरात जाहिरात आली होती. मल्हारराव म्हणून एक गृहस्थ, सत्तरीचे, जुन्या संस्थानी घराण्यातले. आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. रशीद मिस्त्रींना बरोबर घेतलं, पहाटेची बस धरली.

"यावं बाईसाहेब. यजमान नाही आले?"

"नाही. गाडी मी बघणार."

"असं होय!" म्हणाले. पण मग काय मजा! मी विचारायचं आणि त्यांनी उत्तर रशीद मिस्त्रींना द्यायचं. किती चालली? सांगितलं मिस्त्रींना. स्प्रिंगचे पाटे कधी बदलले? मिस्त्रींना. शेवटी मिस्त्रीच वैतागले. "बाबूजी, मेरे को मत बताओ. मैं तो बस पाना पकड़ने आया हूँ."

गाडीला अगदीच अवकळा आलेली. करडी, रंग उडालेला, डाव्या दाराला पोचा, सीटमधून काथ्या बाहेर. पण खाली शिरले आणि जीव भांड्यात पडला. चासी सरळ, कुठे पट्टी नाही, जोड नाही. वरवरचा गंज आहे, पण हातोडीने ठोकलं तर खणखणीत वाजली. थंड इंजिन दुसऱ्या फटक्यात सुरू झालं. जरासा पांढरा धूर, मग साफ.

मांडूच्या रस्त्याला चालवून बघितली. तिसऱ्या गिअरमध्ये मला आवाज आला. बारीक, शिट्टीसारखा.

"तिसऱ्यात आवाज आहे," मी म्हटलं.

मल्हारराव मिस्त्रींकडे बघून म्हणाले, "सुमो आहे, आवाज असायचाच." मिस्त्री पण मान हलवायला लागले. त्यांनाही ऐकू आला नव्हता! मी म्हटलं, परत चला, गिअरचं ऑइल काढा. काढलं. ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवलं. वर आलं ते लोखंडाच्या चुऱ्याने माखलेलं. आत बेअरिंग झिजतंय.

मिस्त्रींनी चुंबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

आणि मल्हारराव पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "आपल्याला कसं कळलं?"

"फॅक्टरीत माझं कामच ते आहे. रोज गिअरबॉक्स फिरवून ऐकायचे. कोणता बाहेर जाईल आणि कोणता परत जाईल, ते मी सांगते."

त्यांनी विचार केला. म्हणाले, "मला खरंच ठाऊक नव्हतं. बेअरिंग मी बदलून देतो. नंतर येऊन पुन्हा ऐका." मग चहा आला. का विकताय, असं मी विचारलं. "आमच्या मंडळी होत्या तोवर दर अमावस्येला नेमावरला नर्मदेच्या स्नानाला नेत होतो. त्या गेल्या. आता बसायला कोण आहे?"

परतीच्या बसमध्ये मिस्त्री म्हणाले, "मैडम, रविवार को गैराज पे आ जाया करो." नोकरी देत होते की काय!

२६ मे

घरी सगळं सांगितलं. भाऊ आले होते, तेही ऐकत बसले. म्हणाले, "एवढ्या लांबून ती भंगार गाडी आणणार?" मी त्यांना चुंबकाची गोष्ट परत एकदा सांगितली. सावकाश.

किमया म्हणाली, "आई, मी पण येऊ बघायला? बसणार तर मी आहे ना."

खरंच की! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

८ जून, रविवार

मिस्त्रींच्या भावाच्या सुमोने आम्ही तिघं आणि मिस्त्री गेलो. निघताना गॅरेजच्या दोन पोरांनी किमयाला उचलून बसवलं, धारला मी आणि मिस्त्रींनी उतरवलं. मी सात फुटी सागाची फळी बांधून नेली होती. टेप, खडू, दोरी, सगळं.

आधी गाडी चालवून ऐकली. तिसऱ्यात आवाज नाही. मल्हाररावांनी शब्द पाळला.

मग फळी लावली. मापं सगळी बरोबर होती, फक्त चढ किती होईल ते कागदावर कळलं नव्हतं. मी मागून खुर्ची ढकलली. अर्ध्यावर एक चाक फळीवरून सरकलं, खुर्ची कलली, मिस्त्रींनी एका बाजूने धरली. अजेय धावला. "तू नाही!" मी किंचाळले. "तुझी पाठ!" तो तिथेच हात पुढे करून उभा. मल्हाररावांच्या अंगणात शेजारपाजार गोळा झालेला. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"थांबा सगळे!" किमया ओरडली. "मला खाली घ्या."

खाली घेतलं. तिने खुर्ची मधल्या दारापाशी नेली. ब्रेक लावला. एक हात दाराच्या वरच्या दांडीला, एक सीटवर. अंग झोकलं. आधी पायरीवर बसली, मग दुसऱ्या झोक्यात सीटवर. मग हाताने एकेक पाय उचलून आत घेतला. पदर नीट करावा तशी ओढणी नीट केली.

"आई, फळी नको. खुर्ची मागे टाका फक्त."

मी विचारलं, "हे कधी शिकलीस?"

"रोज न्हाणीघरात हेच करते मैं. तुम्ही दार लावून बाहेर उभे असता ना, दिखेगा कैसे!"

अजेय दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मल्हारराव पुढे होऊन तिला म्हणाले, "बसायला कशी वाटते गाडी?" तिलाच विचारलं, मला नाही. "उंच आहे," ती म्हणाली. "सगळं दिसतं."

महिनाभर मी दार मोजलं, फळी मोजली, छप्पर मोजलं. तिचे हात किती मजबूत आहेत, ते मोजायचं राहून गेलं.

१५ जून, रविवार

आणली! धारहून देवासपर्यंत मी एकटीने चालवली, मिस्त्री शेजारी बसून सुपारी कातरत होते. घाटाबिल्लोदला ट्रकांची रांग, इंदूरमध्ये मरणाची गर्दी. कुठेही बंद पडली नाही. दंड भरून आलेत, बोटं वळत नाहीत, अक्षर बघा!

गल्लीच्या तोंडाशी भाऊ उभे. "रिव्हर्स येतो का?"

एका दमात मागे घेतली, फाटकातून आत. दोन्हीकडे चार-चार बोटं जागा. भाऊंनी गाडीला एक चक्कर मारली, कोणी बघत नाही असं समजून टायरवर हळूच पाय मारला आणि घरी गेले.

२३ जून

दुपारची पाळी मिळाली. साहेब म्हणाले, "तीन वर्षं रोज इंदूर आणि मग रात्री अकरापर्यंत ड्यूटी? झेपेल?" झेपेल. वेळापत्रक करून भिंतीवर लावलंय. साडेसहाला निघायचं, एकला परत, तीनला फॅक्टरी.

किमया वेळापत्रकाकडे बघत होती. "तीन वर्षं, आई?" एवढंच म्हणाली.

१ जुलै, मंगळवार

इंदूरच्या मुलींच्या होस्टेलचं पत्र आलं. किमयाच्या नावाने. तळमजल्यावरची खोली, उंबरा नाही, कमोड आहे, सगळं तिने स्वतः विचारून घेतलेलं. पहिलं पत्र पाच मेला लिहिलं होतं. पोस्टात टाकलं अजेयने.

"मग मला एवढी गाडी का शोधू दिलीस?" मी ओरडलेच.

"आई, तू थांबली असतीस का?" म्हणाली. "आणि मला सोडायला तू येणार, नेहमीची घाई न करता, आरामात येणार. पण रोज नाही. रोजचं मी बघेन."

जेवले नाही. दोन तास फाटकात गाडीत बसून होते.

पत्रासोबतच्या होस्टेलच्या फॉर्मवर एकच रकाना रिकामा होता. पालकाची सही. केली.