अर्धी फेरी

प्रिय मुकुल,

आपला पेपर जर्नलनं स्वीकारल्याचा तुझा मेसेज पोचला. उत्तर दिलं नाही म्हणून रुसला असशील. फोन केला असता तर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर लागतं तुला.

आधी घरचं सांगते. आईचा उजवा हात अजून उचलत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं परत आलं, पण सकाळी उठवून बसवलं की ती एकच विचारते, "पुण्याला गेली न्हाईस का आजून?" तिच्यासाठीच थांबलेय, हे तिला कोण सांगणार? सुरुवातीला मी हसायचे. आता चुलीचं निमित्त काढून बाहेर जाते.

तांड्यावर सगळ्यांना वाटतं, मी पुण्यात भविष्य सांगायला शिकत होते. शेजारची प्रियंका लग्नाचा योग विचारून गेली. म्हटलं, बाई, मी ताऱ्यांचं नुसतं वय काढते. माझं स्वतःचं वय मात्र शाळेत घालताना मास्तरांनी ठरवलं. सगळ्या पोरांसारखी जन्मतारीख एक जून लिहिली, वर दोन वर्षं वाढवून. त्यामुळे फेलोशिपसाठी यंदाचं वर्ष शेवटचं, आणि पेपर छापला तरच ती मिळणार. माझा भाऊ उत्तमसिंग वाईट नाही. आईला तो आणि वहिनी सांभाळतील म्हणतो. पण परवा म्हणाला, "यंदा झालं तर जा. न्हाई तर बाळापूरच्या शाळेत लागून जा, ताऱ्यायचा नाद सोड." त्याचं बराबर आहे.

मला सारखा आपला तारा आठवतो. सूर्यासारखे तारे लहानपणी गरगर फिरतात, त्यातून चुंबकत्व उसळतं, अंगावर डाग उठतात, भडके उडतात. मग तेच चुंबकत्व बाहेर वाहणाऱ्या वाऱ्याला धरून फिरण्याला लगाम घालतं, आणि वय वाढेल तसा तारा संथ होतो. फिरणं मोजलं की वय कळतं. डाग समोर आला की उजेड किंचित घटतो. एका घटीपासून दुसरीपर्यंत एक फेरी, असं आपण धरलं. आपला सूर्य बाळपणी कसा होता ते दाखवणारा तारा सापडला, म्हणून तू कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजलास. त्या दिवशी माझा हात धरलास आणि सोडायला विसरलास. मीही आठवण करून दिली नाही.

मागच्या बाजारी आईची औषधं आणायला जवळा बाजारला गेले होते. तिथे दगडोबाच्या दुकानात नेट चांगलं चालतं, म्हणून ताऱ्याची नवी निरीक्षणं उतरवून घेतली. एक घट गायब होत चाललीय, मुकुल. एक सोडून एक. म्हणजे डाग दोन होते, ताऱ्याच्या दोन विरुद्ध बाजूंना, आणि त्यातला एक विरला. अर्ध्या फेरीलाच आपण पूर्ण फेरी समजलो. तारा दुप्पट सावकाश फिरतो, त्याचं वय चौपट. तो बाळ नाहीच. पेपरात काही उरत नाही. परतीच्या गाडीत मी तोंडावर ओढणी घेऊन रडले. इतकं रिकामं मला आई पडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पण हे कळवायला मी लिहीत नाहीये, कारण तुला हे माहीत आहे. पेपरासाठी तू पाठवलेला आलेख, पुढची निरीक्षणं हाताशी असूनही, नेमका डाग विरायच्या आधी कापलाय. पहिल्यांदा वाटलं, नजरचूक असेल. पण एक निरीक्षण राहिलं तर तुला जेवण जात नाही. मी पुण्याला यावं म्हणून केलंस ना? इतक्या ओढीनं मला कधी कुणी बोलावलं नव्हतं. म्हणूनच गप्प बसले, छापून येऊ दे, जाऊ आपण, असं स्वतःला समजावत राहिले. ते जमत नाही. तो तारा रोज आपल्या दोघांच्या मध्ये बसेल. पेपर मागे घे. बाळापूरच्या शाळेला मी होकार कळवलाय. आणि मला परत बोलावू नकोस. बोलावलंस तर मी येईन.

तुझीच,
सुनिता