पाचवा टाक

१० नोव्हेंबर, सोमवार
चिंचवडगावातल्या सोनाराकडून देव आणले. चारही टाक झकास झालेत. खंडोबाची तलवार दिसते, घोड्याचे पाय दिसतात, भवानीला चक्क नाक आहे. भैरोबा आणि वीरही ओळखू येतात. जुने टाक रोज धुऊन आणि सणासुदीला चिंचेने घासून इतके झिजले होते की देव कुठला आणि नुसता चांदीचा पत्रा कुठला, हाताला कळेना. माझा उभा जन्म टूलरूममध्ये गेला. झिजलेली वस्तू ठेवून घ्यायची सवय नाही. संदीपच्या मारुंजीच्या फ्लॅटची वास्तुशांत पुढच्या महिन्यात, आता देव त्याच्याकडे जाणार. पोराला बिनचेहऱ्याचे देव कसे द्यायचे?

पाचवा टाक मात्र पुन्हा केला नाही. त्याच्यावर काहीच उरलं नव्हतं. सोनाराने विचारलं, "काका, हा कशाचा?" म्हटलं, असेल एखादा देव, घाला त्याची चांदी खंडोबात. खंडोबा चांगला जाडजूड झालाय.

सुमन साताऱ्याला भावाकडे गेलीय. आल्यावर बघेल आणि खूश होईल.

१२ नोव्हें.
खूश झाली नाही. पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले, देवघरापाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "कुंकवाची बाई कुठं गेली?"

कुठली बाई? तर तो पाचवा टाक. आई तिला सांगून गेली होती, रोज पहिलं कुंकू हिला, मग बाकीच्यांना. लग्न होऊन आल्यापासून बिचारी लावत होती. कोण ही, ते तिलाही ठाऊक नाही. "सासूबाईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मी वितळवलीही नाही."

सोनाराला फोन केला. चांदी एकत्रच आटवली म्हणाला.

१४ नोव्हें., शुक्र.
दुपारी बाळू आक्काला सोडून गेला. त्याच्या बायकोचं ऑपरेशन, त्याची चाकणला सेकंड शिफ्ट, म्हातारीकडे बघायला घरात कोणी नाही. थोडे दिवस इथे राहील. जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आई लई इसरती आता. कवा कवा मलाच वळखत न्हाई."

मला ओळखलं. "बापू, वाळलास रं." मग आंघोळ करून थेट देवघराकडे. भाऊबीजेला यायची तेव्हाही तसंच करायची. चहा निवून जायचा तरी उठायची नाही. मी मनातून वैतागायचो, एवढी कसली भक्ती. यंदा गुडघ्यांमुळे भाऊबीजेला आली नव्हती.

थोड्या वेळाने हाक. "बापू, माझी आई कुठं ठेवली?"

मी म्हटलं, आक्का, आईला जाऊन किती वर्षं झाली.

"ती तुझी. मी माझी इचारतीये."

१५ नोव्हें.
झोप नाही. आक्का वडिलांच्या पहिल्या बायकोची, हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं. आक्का पाऊल टाकायच्या आत तिची आई गेली. मग माझी आई आली, आणि रिवाजाप्रमाणे पहिलीचा टाक करून देवांत बसवला. सवतीचा टाक. तो हाच, हे आत्ता उमगलं. आई तो सगळ्यात आधी धुवायची. नवं लुगडं आलं की घडी आधी देवघरात, दुसऱ्या दिवशी अंगावर. लहानपणी मला वाटायचं, देवाला दाखवतेय.

फोटो नाही. त्या काळी आमच्या गावात कोणाचा होता? आक्काला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय गं? बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "आई."

ज्यांना नाव माहीत असेल असं आता कोणी उरलेलं नाही. भावकीतल्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, गावची जमीन एमआयडीसीत गेली, ती ज्या विहिरीवर पाणी भरत असेल तिथे कंपनीच्या बस उभ्या राहतात. वडील होते तेव्हा मी ओव्हरटाइम करत होतो. विचारायला एक संध्याकाळ पुरली असती.

१७ नोव्हें.
आक्का नाश्ता केल्याचं विसरते. सुमनला कधी वहिनी म्हणते, कधी "कुणाची गं तू?" पण आंघोळ झाली की तो एक प्रश्न विसरत नाही.

खोटं बोललो. टाक उजळायला दिलाय म्हटलं.

"तिला उजळायची न्हाई," आक्का म्हणाली. "हळूच पुसायची. तुझी आई पदरानं पुसायची. मला कडंवर घ्यायची अन् म्हणायची, बघ तुझी आई हासतीय."

संदीप फोनवर म्हणतो, "बाबा, काहीही सांगा. उद्या विसरेल ती." विसरत नाही, हेच तर दुखणं आहे. सुमनचं म्हणणं, खरं काय ते सांगून टाका. दोघंही आपापल्या जागी बरोबर. शहाणे सगळे घरात, मूर्ख तेवढा मी.

१९ नोव्हें.
सोनाराकडे गेलो. सवाष्णीचा नवा टाक करायला सांगितला. त्याने ठशांचा डबा उघडला. सवाष्णीचा ठसा एकच. "काका, सगळ्या घरच्या सवतींना हाच. माझ्या आजोबांपासून."

ठसे मी आयुष्यभर केले. एका ठशातून हजारो नग निघतात, सगळे सारखे, हे मला सांगायला नको. म्हणजे आक्का जन्मभर जिच्याकडे बघत आली, तो चेहरा तिच्या आईचा कधी नव्हताच. यातून मला जरा हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट वाटलं, जे नव्हतंच ते तिने बघून बघून आणलं होतं, आणि मी ते भट्टीत घातलं.

खंडोबातली थोडी चांदी काढता येईल का, विचारलं. "सगळी एक झाली. चांदीला कुठं नाव असतं?" घरी येऊन म्हटलं, खंडोबा पुन्हा आटवू. सुमनने हात जोडले. "एकदा केलंत ते पुरे."

नवी चांदीच घेतली.

२२ नोव्हें., शनि.
आज सांगितलं. आक्का गॅलरीत उन्हात पावट्याच्या शेंगा सोलत होती. शेजारी बसलो, मीही दोन-चार सोलल्या. मग म्हणालो, आक्का, माझी चूक झाली. देव नवे करताना तुझ्या आईचा टाक आटवला मी. मला कळलंच नाही कोणाचा आहे. ती चांदी आता खंडोबात आहे.

हात थांबले. "खंडोबात?"

हो.

"मग बरी हाय. थोराघरी हाय."

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी उठून आत गेलो. या वयात बायकोसमोर रडायची लाज वाटते, पण रडलो.

जेवण झाल्यावर, हात पुसता पुसता, "बापू, माझी आई कुठं ठेवली?"

पुन्हा सांगितलं. पण या वेळी "बरी हाय" म्हणाली नाही. डोळे भरून आले तिचे. संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझी जीभ रेटेना. उजळायला दिलाय म्हटलं.

२३ नोव्हें.
पूजा मी कधी मनापासून केली नाही. बायका करतात, आपण नमस्कार करायचा, असा आमचा धर्म. आईने मात्र सवतीला रोज आंघोळ घातली, कुंकू लावलं, तिच्या पोरीला तिच्यासमोर उभं केलं. मत्सर वाटला नसेल का? कोणाला बोलली नाही. आईला मी भाबडी समजत होतो.

२६ नोव्हें., चंपाषष्ठी
काल टाक मिळाला. आज वांग्याचं भरीत, रोडगे, नैवेद्य. आक्काची आंघोळ झाल्यावर तिला देवघरापुढे पाटावर बसवलं आणि नवा टाक तिच्या तळहातावर ठेवला. सुमन दारात उभी.

आक्काने तो उजेडाकडे धरला. अंगठा फिरवला. नाक, कपाळ, कानातलं, सगळं नवंकोरं. तोंडावर हसू आलं.

"तुझी आई केलीस व्हय? लई बरं केलंस बापू. लई केलं तिनं माझ्या आईचं."

मला दुरुस्त करवेना. आई माझी सवाष्णच गेली. तिचा टाक करावा असं मला कधी सुचलंच नाही.

आक्काने तिला कुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने देवांत मांडली. मग बोटाने जरा बाजूला सरकवली. पहिली जागा मोकळी केली.

"हितं माझी. ती आली की पयलं कुंकू तिला लावायचं. तुझ्या आईला राग न्हाई यायचा."

२८ नोव्हें.
बाळूचा फोन. बायको घरी आली, रविवारी आक्काला न्यायला येतो.

सुमन दोन दिवस पूजेत पहिलं कुंकू त्या मोकळ्या जागी, लाल कापडावरच टेकवते. मला विचारून नाही.

रात्री संदीपचाही फोन आला. मारुंजीचं देवघर सुतार करतोय, टाक ठेवायला खाचा किती ठेवायच्या, विचारतोय. चार, पाच की सहा? उद्या सांगतो म्हटलं.