पोरीच्या नावाचं साल

बा, आज सकाळी बियाणेवाल्यांचा एक माणूस मोटरसायकलवर दारात आला. "मावशी, तुमची धाकटी चपळ दिसते, दोन महिने प्लॉटवर पाठवा," म्हणाला. बोलणं असं गोड, की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. गोड बोलणारा माणूस दारातून काही ना काही घेऊनच जातो. तो गेला आणि मला तू आठवलास. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. दुसरी शिकलेली बाई मी, लिहायला वेळ लागतो, पण आज लिहिणारच.

तू पाटलाचा सालदार. पाडव्याला साल धरायचं, की पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्याचा, बैलासारखा. रीत तुला माझ्याहून जास्त ठाऊक. पाडव्याआधी मालक कापड घेऊन येतो, ते घरात ठेवून घेतलं की पुढचं साल धरलं गेलं, बोलायचं काम नाही. दरवर्षी तुझं धोतर यायचं. दुष्काळ सरला त्या वर्षी मात्र तू चुलीपाशी बसून मायला म्हणालास, "औंदा धोतर घेत नाही मी. मोकळा होतो. पोरीले परत शाळेत धाडतो." माय भाकर थापत म्हणाली, "अन् खासान काय, शाळा?" तू हसलास. मी पांघरुणातून ऐकत होते.

त्याच वर्षी संकरित कापूस आपल्या भागात आला. बोंड लिंबाएवढं. गावात बातमी झाली, की आता पाटलाच्या घरावर माडी चढणार. चढलीही. जिनिंगसमोर गाड्यांची रांग सडकेपर्यंत लागायला लागली, कोऱ्या चहाच्या जागी दुधाचा आला, लोक म्हणायचे गरिबी हटली. पण ते बियाणं घरच्या सरकीतून होत नाही. ते दरवर्षी नव्यानं करावं लागतं, आणि ते करतात पोरी. दुपारी एकेक कळी नखानं सोलायची, आतला पराग काढायचा, वर लाल कागदाची टोपी घालायची, दुसऱ्या सकाळी टोपी काढून त्यावर नराचं फूल घासायचं. मोठ्या माणसाच्या बोटानं कळी मोडते. ट्रॅक्टर आल्यावर गड्यांची गरज कमी झाली, पण ज्या सालदाराच्या घरी पोरी, त्याला मालक सोडेना.

हे आपल्याला तेव्हा कुठं माहीत? पाटील कधी नव्हे तो आपल्या खोपटात आला. धोतर नव्हतं. माझ्यासाठी फुलाफुलाचा परकर आणि पोलकं होतं. "पोरगी मोठी झाली बे तुही," म्हणाला. तू म्हणालास, "हाव मालक." बस, एवढंच. तो गेल्यावर तूच मला म्हणालास, "घाल ना, पाहून काय राह्यली?" मी घातलं आणि साऱ्या गावाला दाखवून आले.

पाडव्याला तू बैल हाकायची पराणी घेऊन पाटलाच्या ओट्यावर गेलास, मी मागं मागं. पराणी खाली ठेवून म्हणालास, "मालक, यंदा मी मोकळा." पाटील पान लावत होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "जा ना बे. तुले कोन धरलं? साल तं पोरीचं हाय. कापड तिच्या आंगावर हाय." ओट्यावरची माणसं हसली. तू पराणी उचललीस आणि गोठ्याकडे गेलास.

मी सहा वर्षं कळ्या सोलल्या, बा. एक कळी सुटली तर बियाणं बाटतं, म्हणून तू माझ्या हातावर मारलंस, तेही पाटलाच्या देखत. माझी नखं अजून नीट वाढत नाहीत. ते जाऊ दे. माझा सवाल वेगळा आहे. तू जन्मभर सालं धरली. कापड घरात आलं म्हणजे काय, हे तुला कळत नव्हतं? धोतर नाही म्हणून तू सुटलास, असं तुला खरंच वाटलं? मग त्याच पावसाळ्यात तुला मोटेवरून काढून इंजनाच्या खोपीत सावलीला काऊन बसवलं? पाटील फुकट सावली देणारा नव्हता. कधी वाटतं, तू फसलास. कधी वाटतं, तू आणि तो आधीच बोलून बसला होतात, पराणी ठेवणं नुसतं मला दाखवायला होतं. तू मरेपर्यंत मी तुझ्याकडे असंच पाहत राहिले, आणि तू नजर चुकवायचास. चोर चुकवतो तशी, की फसलेला चुकवतो तशी, एवढंही मला ओळखता आलं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही. मायला सापडला तरी फिकीर नाही, तिला वाचता येत नाही. ती आत्ता समोरच बसून तूर निवडते आहे. पाटील कापड घेऊन आला त्या दिवशी ती खोपटातच होती, चुलीपाशी. विचारलं तर एका शब्दात सांगेल. मी विचारत नाही.