पाचव्याचे पाय

तलास खोरे, किर्गिझस्तान
१० मार्च १९९७

चि. भगिनी युस्टिना हीस,
अनेक आशीर्वाद.

ज्या कृपेने सकाळी डोळा उघडतो, ती कृपा तुझ्या घरावर असो. तुझे पत्र पावले. जर्मनीत जाऊन तीन वर्षे झाली तरी तुझे अक्षर कोंबडीच्या पायांचेच राहिले. ते वाचता आले, हाही कृपेचाच भाग.

इकडचे विचारतेस. आपल्या गल्लीतली शेवटची दोन घरेही तुमच्या वाटेने गेली. मंडळीत आता अकरा जण उरलो: सहा स्त्रिया, पाच पुरुष, त्यांत धडधाकट म्हणावा असा मी, वय एकाहत्तर. म्हणून अगाथा आजींचे सरपण मी फोडतो, प्रार्थनाघर मी तापवतो, उपदेश मी करतो, आणि कबर खणायची वेळ आली की पहिले फावडे माझेच. ‘कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या’ हे वचन मोठ्याने वाचताना मनात येते, प्रभो, यायचे बळ तरी दे. गुडघे टेकले की उठावेसे वाटत नाही, आणि ते भक्तीमुळे नव्हे.

सत्तावीस तारखेस प्रभुभोजन आणि पाय धुण्याचा विधी. आपली रीत तुला ठाऊक आहे: पुरुषांनी पुरुषांचे, स्त्रियांनी स्त्रियांचे, जोडीजोडीने. माझा जोडीदार फ्रान्स तुमच्याकडे गेल्यापासून पाचवा मी उरतो. मग मी म्हाताऱ्या पेटर उनरूचे पाय पुन्हा एकदा धुतो, आणि माझे राहतात. मंडळीच्या वडिलाचे राहिले तर काय बिघडले? सेवक सेवा करायला असतो.

नवे बूट चावतात म्हणून जरा लंगडतो. बाकी क्षेम.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
कोर्नेलिउस


देटमोल्ड
२५ मार्च १९९७

प्रिय दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

नवे बूट म्हणे! गेल्या तीन पत्रांत तेच नवे बूट आहेत. एव्हाना ते जुने व्हायला हवे होते. आपल्या बाबांनाही बूटच चावत होते. डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा गुडघ्याखाली वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. बाबांनंतर तुझा पाय जाताना मला पाहायचा नाही. हे पत्र मिळताच दवाखान्यात जा.

तुझे पत्र फ्रान्सला वाचून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, कोर्नेलिउसचे पाय धुताना मला नेहमी वाटायचं की उपकार तोच माझ्यावर करतोय. मला मात्र हसू आले नाही. दादा, तू सर्वांना देतोस, पण तुझ्या दारात कोणी काही घेऊन आले तर दार किलकिले ठेवून बोलतोस. लहानपणी माझ्या हातचा खाऊसुद्धा परत करायचास.

रागावले असले तरी तुझीच आहे.
युस्टिना


तलास खोरे
१९ मे १९९७

चि. युस्टिनास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र एप्रिलात पोहोचले, तेव्हा मी जिल्ह्याच्या रुग्णालयात होतो. घाबरू नकोस, आधी शेवट सांगतो: दोन बोटे गेली, पाय राहिला.

विधीच्या त्या गुरुवारी सारे अनवाणी बसले होते. मी एकटा मोजे घालून. पेटरपुढे गुडघे टेकले आणि तसराळ्यात त्याचा पाय घेतला. अगाथा आजींना सुई टोचायला गावच्या दवाखान्यातली परिचारिका सालकिन आली होती, ती मागच्या बाकावर थांबली होती. मी उठलो तेव्हा लाकडी जमिनीवर माझ्या मोज्याचा ओला, तांबूस ठसा उमटला. तो तिने पाहिला. तिची मशीद वेगळी, आपले प्रार्थनाघर वेगळे. पण ती सरळ पुढे आली आणि सर्वांदेखत विचारती झाली, अक्सकाल, वडीलधारे म्हणवता, साऱ्या गावाचे पाय धुता आणि स्वतःचा असा कुजवता, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

मी म्हणालो, बाई, आमच्यात पुरुषाचे पाय पुरुष धुतो. ती म्हणाली, मग बोलवा एखाद्या पुरुषाला, मी सांगते तसं करील. मी वळून पाहिले. चौघेही माना खाली घालून बसले होते. कोणाची छाती होईना. मंडळीचा वडील म्हणून चाळीस वर्षांत मी तशी कधी होऊच दिली नव्हती. तेव्हा प्रभू पाय धुवायला वाकले असता नको म्हणणारा शुभवर्तमानातला पेत्र आठवला: ‘तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत.’ हे वचन मी दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी त्या पेत्राला मनातल्या मनात हसतो. युस्टिना, तो पेत्र मीच होतो. नम्रतेचे नाव देऊन मी अहंकारच वाढवला होता.

मी बसलो. सालकिनने ते पाणी फेकले, उकळून निवलेले आणवले आणि मोजा कापून काढला. त्या वासाने अगाथा आजींनीही डोक्याचा रुमाल नाकाला लावला. सालकिनने लावला नाही. मी रडलो. दुखत होते म्हणून रडतात, असे ती इतरांना समजावत होती. मी ते खोडले नाही. त्याच दुपारी तिने मला रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यापासून काढला असता.

आता एक दिवसाआड पेटर पट्टी बदलतो आणि मी नवरदेवासारखा खुर्चीत बसतो. सरपण बायका फोडतात, माझ्यापेक्षा बारीक. थकवा गेलेला नाही. पण तो आता माझ्या एकट्याचा राहिलेला नाही.

पट्टी बदलणे शिकवताना सालकिनने सहज विचारले होते, पुढच्या वेळी पाचव्याचं काय? काल पेंटेकॉस्टच्या सणाला आम्ही जोड्या मोडल्या. पाचही जण गोल बसलो आणि प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याचे पाय धुतले. माझा एकच पाय तसराळ्यात गेला, दुसऱ्यावर पेटरने नुसता हात ठेवला. कोणी उरले नाही. इतकी सोपी गोष्ट इतक्या वर्षांत आम्हाला कशी सुचली नाही, कोण जाणे.

तू माझी पत्रे तिकडे घरोघर फिरवतेस, हे ठाऊक आहे. हेही फिरव, फ्रान्सला आधी दे. जो कोणी हे वाचील, त्याच्या हातांना सेवेचे बळ मिळो, आणि दमल्या दिवशी त्याचे पाय कोणाच्या तरी हाती निःसंकोच विसावोत. आमेन.

तुझा,
कोर्नेलिउस