विहिरीकाठचं घड्याळ

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

पाइप शोधायला गेलो आणि घड्याळ सापडलं!

मळा विकायचा ठरल्यापासून जमिनीखालची जुनी पाइपलाइन कुठून गेलीय ते कुणालाच आठवेना. म्हणून शशांकनं आपलं धातू हुडकायचं यंत्र आणलं. शशांक म्हणजे भागीरथीकाकूचा नातू. एरवी कॉम्प्युटरवर नोकरी, रविवारी ते यंत्र घेऊन मित्रांच्या शेतांत भटकायचं. आम्ही सगळे हसतो त्याला. आज नाही हसलो.

विहिरीजवळ धुण्याचा दगड आहे, तिथं यंत्र किंचाळायला लागलं. "काका, इल्ली नोडी, इकडं बघा! पाइप नाही हे, छोटं काहीतरी आहे." कोपरभर खणलं. मातीचा गोळा निघाला. धुतला तर—गोल, काळं, वर कडी. खिशात ठेवायचं घड्याळ.

मी ते तसंच ओलं कानाशी धरलं. शशांकला वाटलं काकाला ऊन लागलं!

१५ सप्टेंबर

आजोबांचं असेल का? असणारच!

रघुनाथराव—महाराजांच्या रिसाल्यातले दफेदार. घोड्यांच्या शर्यतीत पहिले आले म्हणून मिळालेलं चांदीचं घड्याळ. आम्ही तेव्हा सगळे मळ्यातच राहायचो. आजोबा मला मांडीवर घेऊन ते कानाशी धरायचे. "ऐक, घोडा चाललाय." आणि खरंच चालायचा! तंबाखूचा वास, खरखरीत कोटाची बाही, कानात ती टिकटिक. सहासष्टचा झालो तरी तेवढं सुख पुन्हा कशात मिळालं नाही.

सगळं घर त्या घड्याळावर चालायचं. बायका पाण्याला गेल्या की आजोबा ओट्यावर घड्याळ घेऊन उभे. उशीर झाला तर आवाज चढवणं नाही, शिवी नाही. नुसतं बघायचे. केवढी शिस्त! आता कुणाच्या घरात आहे?

मी सातेक वर्षांचा असताना घड्याळ नाहीसं झालं. बाहेरचं कुणी आलं नव्हतं. मग काय—थोरल्या सुनेनं माहेरी पोचवलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. थोरली सून म्हणजे भागीरथीकाकू. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण कपाटाच्या किल्ल्या माझ्या आईकडे, ती धाकटी असून. दागिने काढायची वेळ आली की काकूला मुद्दाम परसात काहीतरी काम सांगायचे. डोळ्यांनी पाहिलंय मी. काकू मान खाली घालून जायची.

आता ती ऐंशीच्या पुढे आहे. हे घड्याळ तेच ठरलं तर तिच्यावरचा डाग पुसला जाईल. ती आहे तोवर पुसला जायला हवा. नंतर पुसून काय उपयोग?

१७ सप्टेंबर

कुसुम म्हणाली, "तेच कशावरून? तेव्हा मोठ्या लोकांकडं घड्याळं असायचीच की."

बायकोचा राग येतो तो ती बरोबर बोलते तेव्हा.

२१ सप्टेंबर, रविवार

विभूती लावून दोन दिवस हलक्या हातानं चोळलं. चांदीच! रोमन आकडे दिसले, खाली सेकंदाची वेगळी चिमुकली तबकडी. काटे गंजून एकमेकांना चिकटलेत. शशांकनं फोटो कुठंकुठं पाठवले. उत्तर आलं—स्विस यंत्र, शंभरेक वर्षांचं, असा माल इकडच्या बाजारात पुष्कळ यायचा. म्हणजे काळ जुळतो. मालक कोण, ते काही जुळत नाही.

मागचं झाकण आज उघडलं. आत बारीक ओरखडे. "रिपेअरवाले खूण करतात, काका. कॉमन आहे," शशांक म्हणाला. मीही मान डोलावली. मग दुपारी भिंगाखाली पुन्हा बघत बसलो तर ओरखडे एकमेकांना धरून चाललेले, वळणं घेत. मोडी! आजोबा मोडीच लिहायचे. आमच्यात कुणाला ती वाचता येत नाही, हे आमचं दुर्दैव.

पण वाचायची गरजच काय? आजोबांनी त्यांच्या तलवारीच्या मुठीवरही नाव कोरलंय. दोन्ही शेजारी ठेवले की झालं!

तलवार शहरात, अग्रहारातल्या घरी, काकूच्या देवघरात. दसऱ्याआधीच्या आयुधपूजेशिवाय ती बाहेर काढायची नाही, असा काकूचा दंडक. आत्ताच काढायला सांगावं तर कारण सांगावं लागेल. आणि घड्याळ दुसऱ्याच कुणाचं निघालं तर? म्हातारीच्या जुन्या जखमेवर मीच बोट ठेवल्यासारखं होईल. त्यापेक्षा थांबतो.

२५ सप्टेंबर

थांबवत नाही! आमच्या सरस्वतीपुरमभर पाय मोकळे करून आलो. शहरभर दसऱ्याच्या दिव्यांची रोषणाई, आणि मी डोक्यात ओरखडे घेऊन फिरतोय.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

तेच आहे! तेच!

गाड्या धुऊन, कोहळे फोडून झाले. काकूनं तलवार पाटावर ठेवली. मी गंध लावायच्या निमित्तानं वाकलो आणि भिंग लावलं. तीच वळणं, शेवटी तोच लांब ओढलेला फाटा. शशांकनं दोन्हींचे फोटो शेजारी धरले. शंकेला जागाच नाही.

मग मी सगळ्यांसमोर घड्याळ पाटावर ठेवलं. म्हणालो, "आजोबा विहिरीवर वाकले असतील, खिशातून निसटलं, चिखलात गेलं. कुणी चोरलं नव्हतं. काकूनं तर नाहीच." संताजीराव—माझा आतेभाऊ, त्याची आईच पाठीमागं सगळ्यांत जास्त बोलायची—उठला आणि काकूच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळे रडले. मी तर हमसून हमसून.

काकू नाही रडली. घड्याळाकडं बघत होती. एवढंच विचारलं, "चालतंय काय रे?"

"नाही, काकू."

"बरं," म्हणाली आणि प्रसाद वाटायला लागली.

जन्मभर सोसलेल्या माणसाचे डोळे कोरडेच होत असतील. आज आजोबा असते तर!

४ ऑक्टोबर

काकूनं एकट्याला बोलावून घेतलं. दार लोटलं.

"येसा, निसटलं नव्हतं रे ते. मीच पुरलं."

मी उठून दाराला कडी लावली.

"मी पाण्याला गेले, घड्याळ. परसाकडं गेले, घड्याळ. लेकराला पाजायला बसले तरी मामंजी दारात घड्याळ धरून उभे. एक दिवस कोट खुंटीवर होता. घेतलं आणि दगडाखाली पुरलं." मग हसली, तोंडाला पदर लावून. "घरभर माणसांसमोर मला सोडवलंस. आता सुम्ने गप बस. कुणाला सांगू नको, कळलं ना, अल्लवा?"

मी विचारलं, "सगळे चोर म्हणत होते, काकू. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण घड्याळ परत मिळालं असतं, तर जास्त वाटलं असतं."