पहिल्या घाण्यातला बोंडा

माय, आज सोमवार आहे आणि मी घरीच आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसले आहे. रोज चार ओळी लिहायची माझी सवय तुला माहीत होती. "का लिहून राह्यली वो एवढं?" असं तू विचारायचीस आणि मी वही मिटून ठेवायचे. तू जाऊन वीस वर्षं होत आली. आता कुणापासून मिटायची?

कागद मिलच्या गेटासमोरची तुझी टपरी आता तिथे नाही, रस्ता रुंद करताना ती सगळी रांगच गेली. पण मला ती अजून तशीच दिसते. चार बांबू, वर पत्रा, समोर लाकडी फळ्यांचा ओटा, आणि बांबू भरून आलेले ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखे जायचे. भोंगा व्हायच्या अर्धा तास आधी तू कढई चढवतेस. मी दप्तर न उतरवताच मागच्या तेलाच्या डब्यावर बसून कोथिंबीर निवडते आहे. उकडलेले बटाटे तू हातानेच कुस्करतेस, सोलताना नाकाजवळ नेतेस, आणि एखादा मागे फेकतेस. मला तो चांगलाच दिसतो. विचारलं तर म्हणतेस, "डोयाले चांगला हाय. नाकाले नाई." मग भोंगा होतो, गेट उघडतं आणि सायकली धरलेल्या माणसांचा लोंढा तुझ्याकडे वळतो. पहिला घाणा झाऱ्यावर येतो. सगळ्यांना भूक लागली आहे, हात पुढे आले आहेत, आणि तू मात्र त्यातला एक आलुबोंडा उचलतेस, मोडतेस, अर्धा चुलीत टाकतेस आणि अर्धा फुंकत फुंकत सगळ्यांसमोर उभी राहून खातेस. तुझं चावून होईपर्यंत कुणाला काही मिळायचं नाही.

"बाई, तुमीच खाऊन घ्या सारे, आमी पाह्यत राह्यतो," असं कुणीतरी रोज म्हणायचंच.

"पाह्य भाऊ. पाह्यल्यानं पोट नाई बिघडत," असं तू म्हणायचीस.

या रीतीमुळेच सोमवारी टपरी बंद असायची. सोमवारी तुझा महादेवाचा उपास. रविवारची सुटी संपवून माणसं कामावर परतलेली असायची, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त त्याच दिवशी, आणि नेमकी तेव्हाच आपली टपरी पालथी. शेजारचा पानठेलेवाला तुला समजवायचा, उपास तुझा आहे, कढईचा नाही. मीसुद्धा एकदा तेच म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस, चिडून नाही, जरा नवल वाटल्यासारखं. "ज्या दिवशी मले खाता येत नाई, त्या दिवशी लोकायले काऊन खाऊ घालू?" पुढे कॉलेजात बीएस्सीला असताना मी हे मैत्रिणींना गंमत म्हणून सांगायचे. आमची आई कशी भोळी आहे, अशा सुरात. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

मी नऊ-दहा वर्षांची असतानाचा तो सोमवार तुला आठवतो का? तू देवळात गेली होतीस. गेटावरचे चौकीदार काका ड्युटीला जाता जाता घराशी थांबले. डबा आणला नव्हता, काही आहे का म्हणाले. रविवारी घरच्यासाठी तळलेल्यातले दोन बोंडे उरले होते. मी ते तव्यावर गरम केले आणि कागदात बांधून दिले. मला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. तू आल्यावर मी आनंदाने सांगितलं, तर तुझा चेहराच बदलला.

"तू खाल्ली का पहिले?"

"नाही."

"मंग दुसऱ्याचं पोट का तुही पाटी हाय, लिहून पाह्याले?"

तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरूनही गेले असते. तू माझं मनगट धरलंस आणि उपाशी पोटी, भर उन्हात, गेटापर्यंत चालत नेलंस. चौकीदार काका खुर्चीवर टेकून बसले होते. तू पदर सावरून म्हणालीस, "भाऊ, पोरीनं तुमाले कालचा बोंडा देल्ला. मी घरी नव्हती. पोट बरं हाय ना?" काका मोठ्याने हसले. "अवो बाई, इतकी वर्सं गेटावर बसून राह्यलो, माह्या पोटात लोखंड बी जिरते!" तू हसली नाहीस. "आज जिरलं, उद्या नाई जिरलं तं?" असं म्हणून माझ्याकडे वळलीस. मला वाटलं, आता माफी मागायला लावणार. तू एवढंच म्हणालीस, "तोंड पाहून ठेव. हा माणूस उद्या कामावर दिसला, का मंग तू जेव."

दुसऱ्या दिवशी ते दिसले. मी जेवले.

आता माझं सांगते. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी खाजगी शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होते. ती शाळा बंद पडली. त्यानंतर दोन-तीन ठिकाणं झाली, आणि गेली काही वर्षं मी चंद्रपुरात एका तळलेल्या चिकनच्या आणि बर्गरच्या दुकानात मॅनेजर आहे. मोठ्या कंपनीची पाटी, पण मालक इथलाच. एसी, काचेचं दार, लाल खुर्च्या. तुला आवडलं असतं, कारण फरशी चकचकीत असते. कढया विजेवर चालतात आणि घाणा झाला की यंत्र पिप-पिप वाजतं. भोंगा दिवसातून ठरलेल्या वेळीच व्हायचा, हे दर काही मिनिटांनी वाजतं. तळणाऱ्या बायका दहा-दहा तास उभ्या असतात आणि सांगतात, घरी भाजी चिरतानाही ते कानात वाजतं. सगळ्यांच्या हातावर कोपरापर्यंत तेलाचे ठिपके आहेत. तुझ्याही होते, पण तुझा हात पोळला की तू चुलीतली लाकडं मागे ओढायचीस आणि माणसं थांबायची. इथे पडद्यावरच्या ऑर्डरी थांबत नाहीत.

आणि इथे काम करणारं कुणीही इथलं खात नाही. तसा नियम नाही. आम्ही सगळे आपापला डबा आणतो आणि मागे सिलिंडरांच्या आडोशाला बसून खातो. मीही. ही गोष्ट कित्येक दिवस माझ्या लक्षातच आली नव्हती. चामोर्शीकडची एक बाई आमच्याकडे तळणाला आहे, पस्तिशीची, जिभेने तिखट. तिच्या सासरच्यांनी धानाच्या बांधीत, भातशेतातच, कोंबड्यांची शेड टाकली आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. यांची फक्त जागा आणि जागरण. सव्वा-दीड महिन्यात गाडी येते आणि पक्षी घेऊन जाते. मी एकदा विचारलं, मग तुमच्याकडे रोजच कोंबडी असेल. ती म्हणाली, "त्या शेडातली आमी नाई खात मॅडम. आंगणात चार गावरान हायेत, पावना आला का त्याईतली एक." मग समोरच्या खोक्यातल्या पीठ लावलेल्या तुकड्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "हे माह्याच घरचं असन तरी ओळखू नाई येत. कपडे बदलवून आलं ना!" आम्ही खूप हसलो. घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: पाळणारा खात नाही, तळणारा खात नाही, विकणारी खात नाही. लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले.

गेल्या मंगळवारची गोष्ट. आदल्या रात्री लाइट गेली होती आणि जनरेटर चालू झाला नव्हता. सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा लाइट आलेली होती आणि फ्रीझरवरचा आकडा जिथे असायला हवा तिथे होता. पण तळाशी पाणी साचून गोठलं होतं आणि खोक्यांचे कोपरे ओले होऊन बसले होते. मालकाला फोन केला. "आकडा बरोबर दाखवते ना? मंग? कोंबडी मेलेलीच असते मॅडम, अजून किती मरन?" त्या दिवशी दुपारी एका मुलाच्या वाढदिवसाचं बुकिंग होतं, पंचवीस पोरांचं. आमच्याकडे एक रजिस्टर असतं, त्यात दर दोन तासांनी तापमान लिहून सही करायची. मी रात्रीच्या रिकाम्या रकान्यांत आकडे भरले. सगळे चांगले आकडे. विज्ञान शिकलेल्या हाताने.

चामोर्शीच्या बाईने खोकं फोडलं, एक तुकडा अंगठ्याने दाबला आणि परत ठेवला. "मॅडम, हे सुटून पुन्यांदा गोठलं हाय. काटे पाहा ना बर्फाचे."

"आकडा बरोबर आहे. तळायला घे."

"तळते. पहिला तुकडा तुमी खा."

माय, तिला तू माहीत नाहीस. तुझ्याबद्दल मी तिथे कुणाशी बोललेले नाही. तिच्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा मला त्या तेलाच्या डब्यावर बसल्यासारखं झालं. आणि मी काय म्हणाले? "आज माझा उपास आहे." मी कुठलाच उपास करत नाही, कधीच केला नाही. खाता येत नाही म्हणून तू टपरी बंद ठेवायचीस. मी तोच उपास खोटा पुढे केला आणि दुकान चालू ठेवलं.

तिने ॲप्रन सोडला आणि ओट्यावर घडी करून ठेवला. "मंग माहाबी उपास समजा," असं म्हणून ती मागे जाऊन बसली. मी ॲप्रन बांधला आणि स्वतः तळलं. पोरं आली, कागदी टोप्या घालून नाचली, खाऊन गेली. वाढदिवसाच्या मुलाने मला हात हलवून टाटा केलं. त्यांतलं कुणी आजारी पडलं का? मला माहीत नाही. खरं दुखणं तेच आहे. तुझी माणसं दुसऱ्या दिवशी त्याच गेटातून बाहेर यायची. माझी माणसं काचेच्या दारातून जातात, किंवा पिशवीत बंद होऊन कुणाच्या तरी मोटरसायकलवर जातात, आणि पुन्हा दिसत नाहीत.

बुधवारी मालकाने मला सांगितलं की त्या बाईने सांगितलेलं काम केलं नाही, असं लिहून दे. मंगळवारपर्यंत. म्हणजे तिला काढता येईल. तिला काढलं तर ती गावी जाईल, त्या शेडात. तिने चंद्रपुरात खोली केली आहे ती मुलीला इथल्या शाळेत ठेवता यावं म्हणून. शनिवारी मी तिच्या खोलीवर गेले. तिने चहा टाकला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "तुमी खाल्लं नाई, मी तळलं नाई. आपण दोघीबी सारख्याच मॅडम. मी फक्त बोलली." मी कप खाली ठेवला. ती पुढे म्हणाली, "लिहून द्या जे लिहाचं ते. तुमालेबी घर हाय." यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्याआधी, शुक्रवारी, मी आणखी एक केलं होतं. बुकिंगच्या वहीतून वाढदिवसाच्या मुलाच्या आईचा नंबर काढला आणि फोन लावला. मनात तुझंच वाक्य घोळवत होते, पोट बरं हाय ना. ती बाई म्हणाली, "हो, बरा आहे की. का हो?" आणि मी म्हणाले, "फीडबॅक घेत होतो, मॅडम." ती म्हणाली, फार छान झाला वाढदिवस, पाच स्टार देते. मी तिचे आभार मानले.

आज सकाळी मी दोन कागद लिहिले. पहिला मालकाला हवा होता तसा. तो मी खरंच लिहिला, माय, सहीसकट, आणि थोडा वेळ वाचत बसले. अक्षर सुंदर आलं होतं. मग दुसरा लिहिला: माल वितळून पुन्हा गोठलेला होता, रजिस्टरमधले आकडे मी न पाहता भरले, तळण मी केलं, तिचं म्हणणं खरं होतं. त्याचा फोटो मालकाला पाठवला आणि कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावरही. पहिला कागद गॅसवर धरून जाळला. मालकाने पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही. उद्या त्या दुकानात तिची जागा राहील की नाही, सांगता येत नाही. माझी बहुधा राहणार नाही. दिवसभर काही खाल्लेलं नाही. याला उपास म्हणू नकोस, घास उतरत नाही इतकंच.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. मगाशी लिहिलं की जिच्यापासून वही मिटायची ती आता नाही, पण शेवटची ओळ लिहायची म्हणून तासभर इथेच अडकले आहे. त्या मुलाच्या आईचा नंबर समोरच्या चिठ्ठीवर आहे. मी तो पुन्हा लावलेला नाही. कागद दिला, माय. गेटापर्यंत मी अजून गेलेले नाही.